मागचे ड्रम काढून डिस्क: एका जुन्या एस्टीमचा हिशेब

गाडी नव्वदच्या दशकातली मारुती एस्टीम. पुढे डिस्क, मागे ड्रम, १३ इंची चाकं. मागचे दोन्ही ड्रम वारंवार टर्निंग करून मर्यादेपलीकडे गेलेले. घाट उतरताना पेडल खोल जातं आणि पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की पहिले दोन-तीन ब्रेक लागल्यासारखे वाटतच नाहीत. मालकाची मागणी साधी: मागेही डिस्क टाका, पण खर्च बेताचा.

काम होण्यासारखं आहे. मात्र भंगार बाजारात जे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सगळ्यात सहज आणि स्वस्त मिळतं, तेच या गाडीला चुकीचं आहे. ते का चुकीचं, हे समजलं नाही तर कितीही सुबक ब्रॅकेट करा, गाडी ओल्या रस्त्यावर मागून फिरणार. म्हणून आधी हिशेब, मग लेथ.

खालचे आकडे अशा आकाराच्या गाडीसाठी धरलेले आहेत. आपल्या गाडीवर व्हर्नियर लावून स्वतःची मापं घ्यायची आणि तेच गणित पुन्हा करायचं. रुपयांचे आकडे मुद्दाम देत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सोमवारचा भाव शुक्रवारी राहत नाही.

आधी तक्रार तपासा

पेडल खोल जाण्याची कारणं बहुतेक वेळा ड्रमच्या आतच सापडतात. ऑटो अ‍ॅडजस्टर गंजून अडकलेला असतो, शू (ड्रमला आतून घासणाऱ्या कमानी) घासत जातात आणि अंतर वाढत राहतं. ड्रमवर आतल्या बाजूला जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओतलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम फेकायचाच. व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचलून पाहा, आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. नवे ड्रम, नवे शू, दोन सिलिंडर, स्प्रिंग किट आणि साफ केलेले अ‍ॅडजस्टर एवढ्यावर बऱ्याच गाड्यांची तक्रार संपते आणि खर्च डिस्कच्या निम्म्याहूनही कमी येतो.

थांबण्याचं अंतर कमी करायचं असेल, तर मागची डिस्क हा उपायच नाही. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं आणि तीन चतुर्थांशाहून जास्त काम पुढची चाकं करतात. त्यासाठी पैसे चांगल्या टायरवर, पुढच्या पॅडवर आणि ताज्या ब्रेक ऑइलवर घालावेत. मागच्या डिस्कचे खरे फायदे तीन: पाणी लवकर झटकलं जातं, तापल्यावर पेडल खोल जात नाही, आणि पॅड बदलणं अर्ध्या तासाचं काम होतं.

तापण्याचं गणित एकदा मांडून पाहू. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना उंची जवळपास १२०० मीटरने कमी होते. माणसांसह १००० किलोची गाडी या उतारात साधारण १ कोटी १८ लाख ज्यूल ऊर्जा सोडते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचा जवळपास सगळा वाटा ब्रेकच्या लोखंडात जातो. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जातं. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते. मात्र १० मिमीची सॉलिड डिस्क ड्रमपेक्षा हलकी असते. ती लवकर तापते आणि लवकर निवते. घाटात न्यूट्रल मारणाऱ्याला तीही वाचवणार नाही.

पिस्टनचा हिशेब

जुना ड्रम १८० मिमीचा आणि व्हील सिलिंडर १७.४६ मिमीचा, म्हणजे पाऊण इंचाला अर्धं सूत कमी, असा धरू. सिलिंडरचं क्षेत्रफळ २३९ चौ. मिमी. लाइनमध्ये ४० बार दाब असताना शूवर ९५७ न्यूटन बळ येतं. ड्रममध्ये पुढचा शू स्वतःच आत ओढला जातो, म्हणून हे बळ साधारण २.२ पट होऊन लागतं. ड्रमची त्रिज्या ०.०९ मीटर. एका चाकाचा टॉर्क होतो सुमारे १९० न्यूटन-मीटर.

आता डिस्क. भंगारात सहज मिळणारं हँडब्रेकवालं कॅलिपर म्हणजे जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियाचं. २००१ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडल्या गेलेल्या या गाड्या आता मोठ्या संख्येने तोडल्या जातात. कॅलिपर अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं, पिस्टन ३८ मिमीचा. क्षेत्रफळ ११३४ चौ. मिमी. त्याच ४० बारला ४५३६ न्यूटन. दोन्ही बाजूंचे पॅड धरून घर्षणाचा गुणक ०.७६, डिस्कच्या मध्याची काम करणारी त्रिज्या ०.०९६ मीटर. टॉर्क होतो ३३१ न्यूटन-मीटर, म्हणजे ड्रमच्या पावणेदोन पट.

गॅरेजमध्ये हे ऐकून "मग तर बरंच की" असं उत्तर येतं. घोटाळा इथेच आहे.

गाडीचं वजन ९०० किलो, पुढे-मागे ६० आणि ४० टक्के, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३० मिमी, व्हीलबेस २३६५ मिमी. ब्रेकने वेग ०.३ जी दराने कमी होतो (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण) तेव्हा मागच्या चाकांवर ३३ टक्के वजन उरतं, ०.८ जीला फक्त २२ टक्के. मागच्या ब्रेकचा वाटा याहून जास्त झाला की मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी फिरते. पुढची आधी अडकली तर गाडी सरळ घसरते. वाईटच, पण सावरता येतं.

पुढच्या चाकाचा टॉर्क ४० बारला ५२३ न्यूटन-मीटर धरला, तर मूळ ड्रमने मागचा वाटा २६.६ टक्के येतो. म्हणजे कुठलाही व्हॉल्व्ह नसताना ०.६ जीपर्यंत पुढची चाकं आधी अडकतील, त्यापुढे मागची. त्या पुढच्या भागासाठीच कंपनी मागचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह देते. ३८ मिमीचं कॅलिपर लावलं की हाच वाटा ३८.८ टक्क्यांवर जातो आणि सीमा ०.६ वरून ०.०५ जीवर येते. साध्या भाषेत, ब्रेक नुसता टेकवण्यापलीकडे कुठल्याही ब्रेकिंगमध्ये मागची चाकं आधी अडकायला बसलेली असतात. कोरड्या डांबरावर हे कळतही नाही, कारण टायरची पकड शिल्लक असते. पहिल्या पावसात, ऑइल सांडलेल्या सिग्नलवर कळतं.

अ‍ॅडजस्टेबल व्हॉल्व्ह लावून हे सुटेल का? बाजारातला प्रचलित व्हॉल्व्ह ठरावीक दाबानंतर मागच्या दाबाची वाढ कमी करतो. हा वळणबिंदू साधारण ७ ते ६९ बारमध्ये फिरवता येतो आणि वाढ जास्तीत जास्त ५७ टक्क्यांनी कमी होते. तो पूर्ण आवळून ७ बारला ठेवला, तर ०.३ जीला मागचा वाटा तीस टक्क्यांच्या आत येतो, ठीक. पण ०.७ जीला तो २४ टक्क्यांवर असतो आणि त्या क्षणी मागच्या चाकांची कुवतही तितकीच. म्हणजे व्हॉल्व्ह शेवटपर्यंत कसल्यावर गाडी कशीबशी काठावर येते. हातात फिरवायला काही उरत नाही. त्यात मागचे पॅड जरा चावरे निघाले की काठही गेला.

उलट बाजूने विचारा: ड्रमइतकाच टॉर्क देणारा पिस्टन किती मिमीचा? उत्तर २८.८. बाजारात जवळचं माप ३० मिमी. त्याने मागचा वाटा २८.३ टक्के, सीमा ०.५२ जी. मूळ व्हॉल्व्ह जागेवर ठेवून थोडी दुरुस्ती केली की झालं. ३४ मिमी घेतलं तर सीमा ०.२८ जीवर येते. तिथे अ‍ॅडजस्टेबल व्हॉल्व्ह लागतोच, पण त्याला फिरायला जागा राहते. म्हणून या गाडीला पहिली पसंती ३० मिमी, दुसरी ३४. ऑक्टाव्हियाचं ३८ स्वस्त असलं तरी परत.

३० मिमीचा पिस्टन नव्वदच्या दशकातल्या होंडा सिव्हिकच्या मागच्या कॅलिपरला येतो. भारतात सिव्हिक २००६ मध्ये विकायला आली, त्यामुळे त्याआधीच्या पिढीचं कॅलिपर इथे परदेशातून आलेल्या वापरलेल्या मालातच शोधावं लागतं. नाव ऐकून कुठलंही घेऊ नका. दुकानात व्हर्नियर घेऊन जा आणि पिस्टन मोजा. याच पिढीच्या सुझुकी स्विफ्ट जीटीआयला कंपनीकडूनच मागे डिस्क होती. तिचे मागचे नकल (चाकाचा अक्ष धरणारा भाग), हब आणि कॅलिपर असा पूर्ण संच मिळाला तर मापं जुळवून तोच घ्यावा. खालचं अर्धं लेथकाम वाचतं. पण तो संच बजेटमध्ये मिळणं म्हणजे लॉटरी.

काय लागतं

कॅरिअरसह (कॅलिपर ज्यावर सरकतं ती चौकट) डावं-उजवं कॅलिपर, त्यांचे दोन सील किट, पॅडचा एक संच. दोन सॉलिड डिस्क, ९ ते १० मिमी जाड. दोन्ही चाकांची नवी बेअरिंग आणि ऑइल सील. १० मिमी जाड माइल्ड स्टीलचे दोन ब्रॅकेट. कॅलिपरला जुळणारे दोन रबरी होज, होज कॅलिपरला जोडणारे दोन पोकळ बँजो बोल्ट, चार तांब्याचे वॉशर (प्रत्येक बँजोला दोन, वापरलेला वॉशर पुन्हा घालायचा नाही). ४.७५ मिमीचा ब्रेक पाइप तीनेक मीटर. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल एक लिटर. दोन हँडब्रेक केबल. ३४ मिमीचं कॅलिपर असेल तर दोन प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. दोन का, ते पुढे.

जुनं घ्यायला हरकत नाही: कॅलिपरची बॉडी, कॅरिअर. नवंच घ्यायचं: सील, पॅड, होज, बेअरिंग, बोल्ट. डिस्क जुनी घेतली तर जाडी काठावर न मोजता पॅडच्या पट्ट्यावर मोजा. काठ घासलेला नसतो आणि फसवतो.

कॅलिपर विकत घेताना हँडब्रेकचा लिव्हर हाताने फिरवून सोडा. स्प्रिंगने तो खाडकन मूळ जागी आला पाहिजे. रेंगाळला तर आतला शाफ्ट गंजलेला आहे. शाफ्टपाशी ऑइलची ओल असेल तर ते तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जा. असं गळकं कॅलिपर किट घालूनही पुन्हा गळतं, कारण शाफ्टला खड्डे पडलेले असतात.

हब, डिस्क, ब्रॅकेट

या जातीच्या सुझुकीत मागचा ड्रम आणि हब एकच ओतकाम असतं. बेअरिंग ड्रमच्याच पोटात. ड्रम काढला की डिस्क बसवायला हबच उरत नाही. बजेटमधला मार्ग म्हणजे जुन्या ड्रमची भिंत लेथवर उतरवून मधला फ्लँज हब म्हणून ठेवणं. ड्रमचा पट्टा घासून संपलेला असला तरी चालतो, तो जाणारच आहे. फ्लँजला तडा मात्र नको; रॉकेलने पुसा, वर खडूची पूड चोळा, तडा असेल तर ओली रेघ उठून दिसते.

टर्नरला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, बेअरिंग आधी काढायची. बिडाचा बारीक किस त्यात गेला की ती गेली. दुसरी, काम बेअरिंगच्या भोकावर मँड्रेल (भोकात घट्ट बसणारा दांडा) लावून धरायचं, बाहेरच्या कडेवर नाही. तिसरी, डिस्क टेकणारं तोंड त्याच सेटिंगमध्ये सपाट (फेस) करायचं. ड्रमच्या बाहेरच्या कडेचा आणि बेअरिंगचा केंद्र एकच असेल याची खात्री नसते, आणि ही एक चूक पुढे पेडलमध्ये थरथर बनून येते.

फ्लँजचा व्यास किती ठेवायचा? स्टडचं वर्तुळ ११४.३ मिमी, स्टडचं भोक साधारण १३, त्याबाहेर किमान ५-६ मिमी धातू. गणित १३८ ते १४० मिमीवर येतं. म्हणून डिस्कच्या टोपीचा आतला व्यास त्याहून मोठा हवा. छोट्या हॅचबॅकची १०० मिमी वर्तुळाची डिस्क आणून नवी भोकं पाडण्याचा बेत इथेच बारगळतो. टोपी साधारण १५५ मिमीची आणि डिस्क २३२ची असेल तर पॅडला ३८ मिमीचा पट्टा मिळतो. पॅडची उंची त्यात बसली पाहिजे. पॅड टोपीकडे लोंबकळला तर तिथे न घासलेला ओठ तयार होतो आणि काही महिन्यांनी खरखर सुरू होते.

डिस्क बसवल्यावर टोपीच्या जाडीइतकं, म्हणजे ६-७ मिमी, चाक बाहेर येतं. स्टडवर नट किती आटे घेतो ते मोजा. १२ मिमी स्टड, १.२५चा आटा: दहा पूर्ण फेरे हवेत. कमी पडले तर लांब स्टड ठोका. "सहा-सात आट्यांवर चालतं" म्हणणारा मिस्त्री शोधायला फार फिरावं लागत नाही, हेच दुर्दैव.

चार नट उलट्या बाजूने वॉशर लावून आवळा आणि डायल गेजने धाव (फिरताना होणारी डगमग) पाहा. हबच्या तोंडावर ०.०५ मिमीच्या आत, डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ ०.१०च्या आत. जास्त आली तर डिस्क हबवर एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजा. कधी कधी दोन चुका एकमेकींना खातात.

ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचा, मग ६ मिमी प्लायचा, शेवटी स्टीलचा. भोसरीसारख्या औद्योगिक वस्तीत लेझर कटिंगवाले दोन तुकडेही कापून देतात, फक्त रेखाटन नीट द्यावं लागतं. ड्रमची बॅकप्लेट नकलला चार बोल्टने असते. ब्रॅकेट तिच्याच जागी बसतो. बॅकप्लेटची जाडी गेली आणि ब्रॅकेटची आली, हा फरक डिस्कच्या रेषेत धरायला विसरू नका. कॅरिअरच्या खाचेचा मध्य आणि डिस्कचा मध्य अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळवायचा. कमी-जास्त असेल तर कॅरिअर आणि ब्रॅकेटमध्ये अखंड शिम (पातळ पत्रा) घाला, वॉशरची चळत नको.

बोल्टवर किती भार येतो? घाबरून ब्रेक मारला तर लाइनमध्ये ७० बार सहज होतात. ३८ मिमीच्या कॅलिपरने टॉर्क ५८० न्यूटन-मीटर. बोल्ट मध्यापासून ४५ मिमीवर असतील तर प्रत्येकावर सुमारे ३२०० न्यूटनचा आडवा भार. ८ मिमीचा ८.८ ग्रेडचा बोल्ट आवळून घर्षणाने अंदाजे २५०० न्यूटन धरतो, म्हणजे सांधा सरकणार. १०.९ ग्रेडचा साधारण ३६०० धरतो. ३० मिमीच्या कॅलिपरला भार दोन हजारांवर येतो, तरीही १०.९च घाला, पैशांचा फरक चहाइतका आहे. टेकणाऱ्या तोंडांवर रंग किंवा पावडर कोटिंग नको. रंगाचा थर दाबाखाली हळूहळू बसतो, बोल्टचा ताण जातो आणि वर्षभराने टकटक ऐकू येते. ब्रॅकेट रंगवा, पण तोंडं मास्किंग टेप लावून कोरी ठेवा.

कॅलिपर कुठल्या बाजूला, पुढे की मागे, हे जागेनुसार ठरवा. एकच अट: हवा काढायचा निपल सर्वांत वर यायला हवा. डावं-उजवं अदलाबदल झालं की निपल खाली जातो आणि दिवसभर पंप मारूनही पेडल स्पंजसारखं राहतं.

पाइप, होज आणि दोन सर्किटं

मूळ रचनेत नकलवर बॅकप्लेटपर्यंत आलेला शेवटचा तुकडा लोखंडी पाइपचा असतो, कारण व्हील सिलिंडर हलत नाही. फ्लोटिंग कॅलिपर प्रत्येक ब्रेकला सरकतं. तोच कडक पाइप कॅलिपरला जोडला तर काही महिन्यांत फ्लेअरपाशी (पाइपच्या पसरवलेल्या तोंडापाशी) थकून तुटतो. कॅलिपरला रबरी होजच हवा, आणि होज सुरू होतो तिथे पाइप क्लिपने बांधलेला हवा.

फ्लेअरची गफलत याहून फसवी आहे. सुझुकीच्या पाइपला आत दुमडलेला डबल फ्लेअर असतो, जर्मन भागांना बुडबुड्यासारखा गोल. दोन्हीकडे आटा १० मिमी, एकचा, त्यामुळे नट बिनबोभाट बसतो. पण तोंडं जुळत नाहीत आणि दाब आला की पाझरतं. आवळून आवळून तांब्याच्या वॉशरसारखं बसवण्याचा प्रयत्न करू नका. योग्य फ्लेअर नव्याने काढा.

आता दोन व्हॉल्व्ह का ते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या या गाडीत ब्रेकची सर्किटं तिरपी आहेत: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. मागच्या दोन्ही चाकांच्या लाइन वेगवेगळ्या सर्किटच्या आहेत. परदेशी व्हिडिओत मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला एकच व्हॉल्व्ह लावलेला दिसतो, तिथे ते बरोबर आहे. तेच इथे करायला दोन्ही मागच्या लाइन टी जोडून एक केल्या, तर दोन्ही सर्किटं एकमेकांत मिसळतात. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. ही चूक तयार कामांत दिसते, आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये तिची चाहूलही लागत नाही. व्हॉल्व्ह दोन लावा, प्रत्येक लाइनला एक, आणि दोन्ही सारखेच फेरे मोजून फिरवा. मूळ प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह काढू नका.

मास्टर सिलिंडर बदलावा लागत नाही. ३८ मिमीच्या पिस्टनलाही ०.४ मिमी सरकायला ४५४ घन मिमी ऑइल पुरतं. जुन्या व्हील सिलिंडरचे दोन पिस्टन एकेक मिलिमीटर सरकायला जवळपास तेवढंच घेत होते. काही जुन्या गाड्यांत मात्र ड्रमसाठी मास्टरमध्ये थोडा दाब अडकवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो राहिला तर डिस्कचे पॅड कायम घासतात. चाक हाताने फिरवून पाहा, कळतं.

ऑइल डॉट ४ घाला. नव्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४चा २३० आणि १५५. डिस्कमध्ये पिस्टन थेट तापलेल्या पॅडला टेकतो, त्यामुळे ऑइलला उष्णता ड्रमपेक्षा जास्त पोहोचते.

हँडब्रेक

अर्ध्याहून जास्त बजेट कामं इथे लंगडी पडतात. ड्रमचा शू स्वतःला आत ओढतो, त्यामुळे ड्रमचा हँडब्रेक थोड्या ताकदीत घट्ट बसतो. कॅलिपरमध्ये ती मदत नाही. म्हणून केबलची चाल आणि ओढ दोन्ही नीट हवी.

जुन्या केबलचं टोक ड्रममधल्या लिव्हरच्या आकड्यात बसायचं. कॅलिपरच्या लिव्हरला वेगळं टोक आणि बाहेरच्या आवरणाला टेकायला खोबण लागते. केबल बनवून देणाऱ्याकडे जुनी केबल आणि कॅलिपर दोन्ही न्या. चाक पूर्ण खाली लोंबकळताना आणि पूर्ण वर गेल्यावर, दोन्ही वेळा केबलला ताण येत नाही एवढी लांबी ठेवा.

हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही लिव्हर आपल्या टेकूवर पूर्ण बसले पाहिजेत. हा सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम. हँडब्रेक दोन खटक्यांत लागावा म्हणून मिस्त्री केबल ताणतो, लिव्हर टेकूपासून २-३ मिमी उचलला जातो, आणि कॅलिपरमधला स्वतः जुळवून घेणारा स्क्रू काम करणं थांबवतो. मग पॅड घासत जातात, पेडल खोल जातं आणि सगळे पुन्हा हवा काढत बसतात. फट १ मिमीच्या आत ठेवा.

क्रम असा: केबल जोडण्याआधी हवा काढा, मग इंजिन चालू ठेवून पेडल ३० ते ४० वेळा दाबा. पिस्टन बाहेर येऊन अंतर जुळतं. त्यानंतरच केबल लावून नट फिरवा. पिस्टन परत आत घालताना दाबून फिरवायचा असतो. जी-क्लँपने सरळ रेटला की आतला स्क्रू तुटतो आणि कॅलिपर भंगारात.

तापलेली गाडी चढावर हँडब्रेकवर उभी केली तर डिस्क निवताना बारीक होते आणि पकड सैल पडते. घाट उतरून थांबल्यावर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, आणि दहा मिनिटांनी हँडब्रेक पुन्हा एकदा ओढा. ड्रमवाल्याला ही सवय नसते.

स्लाइडिंग पिनला सिलिकॉन ग्रीसच. साधं चेसिस ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि पिन अडकते. मग एकाच बाजूचा पॅड संपतो.

चाचणी

पहिली चाचणी उभ्या गाडीत. पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरा आणि दुसऱ्याने प्रत्येक जोड टॉर्च लावून पाहावा. मग रिकाम्या आवारात ताशी २० किलोमीटरने. पॅड बसवण्यासाठी ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने दहा-बारा ब्रेक, मधे निवायला अंतर. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवायचं नाही, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

कुठली चाकं आधी अडकतात हे फक्त चालकाने, मागे कोणी नसताना, टाकी निम्म्याहून रिकामी असताना पाहायचं. मागचं वजन तेव्हा सर्वांत कमी असतं. रस्ता बंद, रस्त्याच्या कडेला एक माणूस चाकांकडे बघणारा. ताशी ४० वरून कोरड्यावर, मग पाणी मारून ओल्यावर. दोन्ही ठिकाणी पुढची चाकं आधी अडकलीच पाहिजेत. मागची अडकली तर व्हॉल्व्ह अर्धा फेरा आवळून पुन्हा. पूर्ण आवळूनही मागचीच अडकत असतील तर पिस्टन मोठा आहे. तिथे चिवटपणा न करता कॅलिपर बदलायचं. रोलर टेस्टरची सोय असेल तर डाव्या-उजव्याचा फरकही कळतो. एका बाजूची पिन अडकली असेल ती तिथे लगेच सापडते.

५०० किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, होज टायरला किंवा स्ट्रटला घासतोय का ते स्टिअरिंगइतक्याच काळजीने, गाडी जॅकवर आणि जमिनीवर दोन्ही स्थितींत पाहा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी काटेकोरपणे वाचली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा तपासणीत ब्रेक पाहिले जातात. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. उत्तर नकारार्थी आलं तर नवे ड्रम हाच मार्ग, आणि तो वाईट नाही.

शेवटी डिकीतली स्टेपनी काढून मागच्या दोन्ही बाजूंना बसवून पाहा. चाकं अलॉय असतील आणि स्टेपनी जुन्या लोखंडी रिमची, तर कॅलिपर आणि रिममध्ये ३ मिमी तरी फट हवी. ती नसेल तर रात्री वरंधा घाटात पंक्चर झाल्यावर कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेलं बरं.